बॉस्टनच्या व्हाइट मॅडम

डायबेटिस म्हटलं की इन्सुलिन आणि इन्सुलिन म्हटलं की बँटिंग आणि बेस्ट, एवढं आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. क्विझमध्ये मार्क मिळवायला ते पुरतंही. पण इन्सुलिन निघालं १९२१-२२ मध्ये टोरांटोला, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं एक प्रश्न तसाच लोंबकळत राहिला होता. डायबेटिस असलेल्या बाईने आई व्हावं की नाही? बहुतेक डॉक्टर सरळ नाही म्हणायचे. ह्या एका प्रश्नावर पन्नास वर्षं एकाच शहरात बसून काम करणाऱ्या बाईंचं नाव डॉ. प्रिसिला व्हाइट. मेडिकलवाल्यांना हे नाव परीक्षेपुरतं माहीत असतं, कारण त्यांना 'व्हाइट्स क्लासिफिकेशन' पाठ करावं लागतं. आपल्या कॅम्पसवर मात्र सिव्हिलपासून कॉम्प्युटरपर्यंत कोणाला विचारा, नाव ऐकलेलं नसेल.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. मिनी प्रोजेक्टला सुई न टोचता रक्तातली साखर मोजायची, तीही खास गरोदर बायकांसाठी, असा भन्नाट विषय आमच्या ग्रुपच्या डोक्यात आला होता. त्या वाचनात ह्या मॅडम भेटल्या. प्रोजेक्टचा विषय पुढे बदलला, मॅडम मात्र डोक्यातून गेल्या नाहीत. म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या!)

मॅडमचा जन्म १७ मार्च १९०० चा. म्हणजे हिशेब सोपा, सन जेवढा तेवढंच त्यांचं वय. रॅडक्लिफ कॉलेजात शिक्षण झालं आणि मग मेडिकलला जायचं ठरलं. हार्वर्ड तिथेच होतं, पण हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने मुलींना दारात उभं केलं ते थेट १९४५ मध्ये. त्यामुळे त्या टफ्ट्स मेडिकल स्कूलमध्ये गेल्या आणि १९२३ मध्ये वर्गात तिसऱ्या येऊन बाहेर पडल्या. तिसरी आलेली डॉक्टर असली तरी इंटर्नशिपसाठी त्यांना बॉस्टन सोडून त्याच राज्यातल्या वुस्टर गावच्या हॉस्पिटलात जावं लागलं. वर्गात वर असूनही मुलगी म्हणून लांबचं पोस्टिंग पत्करायचं, ही गोष्ट आपल्या कोअर ब्रँचच्या मुलींना प्लेसमेंटच्या वेळी नीट समजेल. असो.

१९२४ मध्ये त्या परत बॉस्टनला आल्या, डॉ. एलियट जॉस्लिन यांच्याकडे. जॉस्लिन हे डायबेटिसमधलं तेव्हाचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नाव. माणूस अतिशय शिस्तीचा. प्रत्येक पेशंटची नोंद वहीत ठेवायची आणि पेशंटलाच त्याच्या आजाराचा डॉक्टर बनवायचं, ही त्यांची पद्धत. इन्सुलिन, आहार आणि व्यायाम हे तीन घोडे एकाच रथाला जुंपले पाहिजेत अशा धर्तीवर ते शिकवायचे. इन्सुलिन हातात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. जॉस्लिननी ह्या नव्या चोवीस वर्षांच्या डॉक्टरकडे लहान मुलांचा विभाग दिला.

इन्सुलिनच्या आधी डायबेटिस झालेलं मूल फार तर वर्ष-दोन वर्षं काढायचं. उपाय एकच, उपाशी ठेवणं. हाडांचा सापळा झालेली मुलं आणि बघत बसलेले आईबाप. इन्सुलिनने ही मुलं वाचली आणि मोठी व्हायला लागली. १९३२ मध्ये व्हाइट मॅडमनी मुलांच्या आणि किशोरवयीन पेशंटच्या डायबेटिसवर पुस्तक लिहिलं. डायबेटिस असलेल्या मुलींसाठी मॅसॅच्युसेट्समध्येच क्लारा बार्टन यांच्या जन्मघराच्या आवारात उन्हाळी शिबिर सुरू झालं, त्याच्याशीही त्या जोडलेल्या होत्या. तिथे मुली पोहायच्या, खेळायच्या, स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचून घ्यायच्या.

आणि मग ह्या मुली वीस-बावीस वर्षांच्या झाल्या. त्यांची लग्नं झाली, दिवस गेले. इंजिनियरिंगमध्ये आपण बघतोच, एक बग काढला की त्याच्यामागे दडलेला दुसरा वर येतो. इथे तसंच झालं. जी मुलगी पूर्वी बारा वर्षांची असताना गेली असती ती आता आई होणार होती, आणि तिचं बाळ वाचेल का हे कोणालाच सांगता येत नव्हतं. व्हाइट मॅडमनी सुरुवात केली तेव्हाचा आकडा ५४ टक्के असा सांगतात. म्हणजे शंभर डायबेटिक आयांपैकी चोपन्न जणींच्या कुशीत बाळ यायचं, शेहेचाळीस जणी रिकाम्या हातांनी घरी जायच्या. इन्सुलिन असताना! आई वाचत होती, बाळ जात होतं. त्यातही वाईट म्हणजे बरीच बाळं शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पोटातच जायची. आठ महिने सगळं ठीक आणि अचानक हालचाल थांबली.

असं का व्हायचं ते थोडक्यात सांगते, बायो सोडलेल्यांसाठी. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. आईची साखर वाढली की बाळाची वाढते, मग बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जोरात इन्सुलिन बनवायला लागतं. इन्सुलिन हे वाढीचंही हार्मोन, त्यामुळे बाळ नको तितकं जाडजूड होतं. जन्म अवघड होतो. नाळ तोडली की वरून येणारी साखर एकदम बंद, पण बाळाचं इन्सुलिन तसंच चालू, म्हणून जन्मल्यावर काही तासांत त्याची साखर धोकादायक खाली जाते. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना वेगळं सांगायला नको, इनपुट काढून घेतला तरी कंट्रोलर लगेच थांबत नाही. शिवाय वारेतून निघणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनला दाद देत नाहीत. म्हणून गरोदरपण जसजसं पुढे सरकतं तसतसा इन्सुलिनचा डोस वाढवत न्यावा लागतो आणि बाळंतपण झालं की एका दिवसात धाडकन कमी करावा लागतो.

आता मॅडमच्या हातात साधनं काय होती ते बघा. घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र नव्हतं. रक्ताची पट्टी १९६५ ची आणि ती वाचणारा पहिला मीटर १९७० च्या आसपासचा, तोही किलोभराहून जड. बाळ बघायला सोनोग्राफी नव्हती. रक्तातली साखर प्रयोगशाळेत मोजता यायची, पण रोज कोण जाणार? रोजचा भरवसा एकाच गोष्टीवर होता, लघवी. बेनेडिक्टचं निळं द्रावण आपण अकरावी-बारावीला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वापरलेलं आहे. पाच मिली द्रावण, त्यात आठ थेंब लघवी, आणि उकळायचं. साखर नसेल तर निळंच राहतं, थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी, आणि खूप असेल तर विटेसारखं लाल. जॉस्लिनचे पेशंट हे घरच्या स्वयंपाकघरात, दिवसातून तीन-चार वेळा करायचे. १९४१ मध्ये त्याची गोळी निघाली, १९५६ मध्ये बुडवायची पट्टी. सुई नाही, दुखणं नाही, खर्च नगण्य. आज ज्याला आपण नॉन-इन्व्हेजिव्ह म्हणून मिरवतो ते हेच की!

पण गरोदर बाईच्या बाबतीत हीच परीक्षा दगा देते, आणि दोन्ही बाजूंनी देते. रक्तात साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती पुरी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीत सांडते. गरोदरपणात मूत्रपिंडातून गाळलं जाणारं पाणी जवळजवळ दीडपट होतं, त्यामुळे हा उंबरठा खाली येतो. परिणामी डायबेटिस अजिबात नसलेल्या बाईच्याही लघवीत साखर दिसते. त्यात शेवटच्या महिन्यांत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, लघवीत यायला लागते आणि बेनेडिक्टला ग्लुकोज आणि लॅक्टोजमधला फरक कळत नाही, दोघांनाही तो लाल होतो. ही झाली खोटी घंटा. उलट बाजूने बघा. गरोदरपणातच उद्भवणाऱ्या डायबेटिसमध्ये जेवणानंतरची साखर कित्येकदा १४० ते १८० च्या मध्ये कुठेतरी असते. बाळाला त्रास द्यायला एवढी पुरेशी, पण लघवीत उतरायला कमी पडू शकते. म्हणजे जिला काही नाही तिची ट्यूब लाल आणि जिला आहे तिची निळीशार. असल्या सेन्सरला आपले सर लॅबमधून बाहेर काढतील.

जिचा डायबेटिस आधीपासून माहीत आहे तिचा अंदाज घेत राहायला रंग चालून जायचा, जिचा माहीत नाही ती मात्र रंगाने सापडायची नाही. मॅडमचा मुख्य गोतावळा पहिल्या प्रकारचा होता. त्यांची पद्धत मला तरी कुठल्या जादूची वाटत नाही. सतत लक्ष, एवढंच. गरोदर पेशंटला वारंवार बोलवायचं, आहार मोजून द्यायचा, इन्सुलिन पुन्हा पुन्हा बदलायचं, शेवटच्या आठवड्यांत हॉस्पिटलात दाखल करून घ्यायचं. आणि सगळ्यात धाडसाचा निर्णय म्हणजे बाळ वेळेआधी बाहेर काढायचं, साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास. फार लवकर काढलं तर फुफ्फुसं कच्ची, थांबलं तर पोटातच जायची भीती. सोनोग्राफी नसताना, नुसत्या हाताने पोट चाचपून आणि तारखा मोजून हा आठवडा ठरवायचा होता. एका चुकीची किंमत एक बाळ.

सगळ्या पेशंट सारख्या नाहीत हे त्यांना नोंदींवरून दिसत गेलं. कोणाला वर्षभरापूर्वी डायबेटिस झालेला, कोणाला आठव्या वर्षापासून. १९४९ मध्ये त्यांनी वर्गवारी मांडली. ए म्हणजे फक्त तपासणीत साखर वाढलेली, आहारावर भागणारी. बी म्हणजे विशीनंतर सुरू झालेला आणि दहा वर्षांच्या आतला. सी म्हणजे दहा ते एकोणीस वयात सुरू झालेला किंवा तितकी वर्षं जुना. डी म्हणजे दहाव्या वर्षाआधीचा, किंवा वीस वर्षांहून जुना, किंवा रक्तवाहिन्यांवर परिणाम दिसू लागलेला. एफ म्हणजे मूत्रपिंड बिघडलेलं. मधल्या ई ची गंमत आहे. ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांवर चुना साठलाय का, ते एक्स-रे काढून बघायचं! गरोदर बाईचा ओटीपोटाचा एक्स-रे. आज ऐकून दचकायला होतं, आणि ते अक्षर पुढे वापरातून गेलंही. पण बाकीच्या यादीचं डोकं बघा. एकही महागडं यंत्र नाही. वय विचारा, वर्षं मोजा, डोळ्यांत बघा, लघवी तपासा, आणि ह्या आईच्या बाळाला किती धोका आहे ते बऱ्यापैकी आधी सांगा. रिस्क अॅनालिसिस दुसरं काय असतं?

आता ज्या भागामुळे मला हा लेख लिहावासा वाटला तो. चांगल्या माणसांच्या चरित्रात लोक हे गाळतात, मला गाळायचं नाही.

मॅडमची अशी पक्की समजूत होती की ही बाळं दगावतात त्याला गरोदरपणातल्या हार्मोन्सचा बिघडलेला तोल कारणीभूत आहे. बॉस्टनमध्येच जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ हे संशोधक दांपत्य होतं, त्यांचंही मत तसंच. मग आयांना स्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन देणं सुरू झालं. बाळं जास्त वाचू लागली. मॅडमचा विश्वास दुणावला. पण त्याच वर्षांत आहार, इन्सुलिन, दाखल करून घेणं, वेळेआधी प्रसूती हे सगळंही सुधारत होतं. एकाच वेळी पाच व्हेरिएबल बदलले आणि आउटपुट वाढला, तर श्रेय कोणाला? आपण फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलमध्ये असं केलं तर जर्नलवर लाल शेरा येतो. हार्मोन न दिलेल्या आयांचा तोलामोलाचा गट त्यांच्याकडे नव्हता. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने तो उभा केला, काहींना हार्मोन, काहींना नुसतीच गोळी. १९५५ मध्ये निकाल छापून आला, डायबेटिक आयांच्या बाळांना हार्मोनचा फायदा नाही. पुढचं तर भयानक. १९७१ मध्ये बॉस्टनच्याच डॉक्टरांनी दाखवलं की पोटात असताना आईला हे स्टिलबेस्ट्रॉल दिलं गेलं होतं अशा काही मुलींना ऐन तारुण्यात योनीमार्गाचा अत्यंत दुर्मिळ कॅन्सर होतोय. त्याच वर्षी अमेरिकेत गरोदरपणात ते औषध देऊ नये असा इशारा निघाला. हे औषध त्या काळात अमेरिकेत सर्रास दिलं जायचं, एकट्या मॅडमच्या क्लिनिकात नाही, हे खरं. तरी ह्या प्रकरणात त्यांचं मन फार स्वच्छ होतं म्हणून त्या सुटतात असं मला वाटत नाही. पेशंटवर त्यांचं प्रेम होतं, मेहनत अफाट होती, आणि कंट्रोल ग्रुप नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच बाईंच्या आहेत.

दुसरीकडे, ज्या बाईला आपल्याला काही आहे हेच माहीत नाही तिला शोधायचं काम त्याच बॉस्टनमध्ये दुसऱ्यांनी केलं. डॉ. जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्याबरोबर संख्याशास्त्रज्ञ क्लेअर माहन. १९६४ मध्ये त्यांनी ७५२ गरोदर बायकांना शंभर ग्रॅम ग्लुकोज पाजून रक्त तपासल्याचे आकडे छापले आणि सरासरी अधिक दोन स्टँडर्ड डेव्हिएशन ही रेघ आखली. एम-थ्री च्या पेपरात आपण जे घोकतो तेच! गंमत म्हणजे ती रेघ बाळासाठी आखलेलीच नव्हती, आईला पुढे आयुष्यात डायबेटिस होईल का हे ओळखण्यासाठी होती. १९७३ मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी आधी पन्नास ग्रॅमची सोपी चाळणी सुचवली. कारण नुसतं वय, वजन, घरात कोणाला डायबेटिस आहे का, आधीचं बाळ मोठं होतं का, एवढं विचारून भागत नाही, बऱ्याच जणी सुटतात. म्हणजे व्हाइट मॅडमच्या यादीतलं पहिलं अक्षर, ए, ओळखायलाच शेवटी सुई लागली.

आणि अजूनही लागते. आपल्याकडे सरकारी नियमाप्रमाणे गरोदर बाईला पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, उपाशीपोटी असो वा जेवून, आणि दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली तर पुढचे उपचार. लांबून एसटीने येणाऱ्या बाईला उपाशी राहा आणि परत या असं सांगितलं तर ती परत येणारच नाही, हा त्यामागचा साधा विचार. माझ्या वहिनीची ही तपासणी झाली तेव्हा ती म्हणाली की सुईचं काहीच नाही, ते गोडमिट्ट पाणी एका दमात पिणं हीच शिक्षा. सुई काढून टाकण्याच्या स्वप्नात आम्ही प्रोजेक्टवाल्यांनी हे धरलंच नव्हतं!

सुई टाळायचे प्रयत्न मात्र चालूच आहेत. अडचण आकड्यात आहे. साखर १०० असणं म्हणजे एका लिटर रक्तात एक ग्रॅम, अख्ख्या शरीरातल्या साधारण पाच लिटर रक्तात मिळून चमचाभर. त्वचेतून इन्फ्रारेड प्रकाश टाकून ती वाचायची, तर पाण्याचा सिग्नल एवढा मोठा की साखरेचा त्यात बुडून जातो. २००१ मध्ये अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या मनगटी घड्याळाला मान्यता मिळाली होती. ते हलका विद्युतप्रवाह सोडून त्वचेतून द्रव ओढायचं आणि त्यातली साखर मोजायचं. कातडी चुरचुरायची, शिवाय घड्याळ जुळवून घ्यायला बोटाला सुई टोचावीच लागायची. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला की त्वचा न भेदता आपली आपण साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी परवानगी दिलेली नाही. गरोदरपणात तर चूक अजून महाग, कारण इथे १३५ आणि १४५ मधला फरक पकडायचा आहे. ऑनलाइन दोन हजाराला मिळणाऱ्या घड्याळावर घरातल्या कोणाचं बाळंतपण सोपवू नका, एवढं सांगते.

पुन्हा मॅडमकडे. १९६० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने त्यांना बँटिंग पदक दिलं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा ५४ चा आकडा ९० च्या वर गेलेला होता. पन्नास वर्षांत डायबेटिक आयांची सुमारे २,२०० बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली झाली. ह्यातल्या काही आया लहानपणी त्यांच्याच मुलांच्या विभागात आलेल्या असणार, म्हणजे त्यांनी ज्या मुलीला इन्सुलिन टोचायला शिकवलं तिचंच बाळ वीस वर्षांनी त्यांच्या देखरेखीत जन्मलं. १६ डिसेंबर १९८९ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

त्यांची अक्षरं आता पूर्वीइतकी वापरत नाहीत. आई कोणत्या वयापासून आजारी आहे ह्यापेक्षा गरोदरपणात साखर किती ताब्यात राहिली हे जास्त महत्त्वाचं, असा आजचा कल आहे. पण यादी मधल्या काळात वाढत गेली होती. आर आलं, डोळ्यांच्या पडद्यासाठी. एच आलं, हृदयासाठी. आणि १९४९ मध्ये ज्याची कल्पनाही कोणी केली नसती असं एक टी आलं, किडनी ट्रान्सप्लांट होऊन मग आई झालेल्या बायकांसाठी.